दूधबिलाची नवी प्रणाली : कामाच्या नोंदी

९ जून २०२५

समांतर चाचणी सुरू झाली. जुना सर्व्हर आजवर काढायचा तशी बिलं काढत राहील, त्याच फायली नव्यालाही द्यायच्या, आणि दोन्हीकडची रक्कम पैशापर्यंत जुळली की जुना बंद करायचा. जुन्यावर जावा ८ ही प्रोग्रॅमिंग भाषा आणि ओरॅकल हा डेटाबेस, नव्यावर जावा १७ आणि पोस्टग्रेस १५ हा डेटाबेस. दूध संकलन केंद्रांच्या बाजूला काहीही बदलायचं नाही, ही दूध संघाची अट. सचिव दर दहा दिवसांनी एक्सेलमधून संकलनाची फाईल काढतात, तशीच काढणार. कालखंडही तेच: १ ते १०, ११ ते २०, २१ ते महिनाअखेर.

पहिल्याच फायलीला नल पॉइंटर एक्सेप्शन, म्हणजे जिथं काहीतरी असायला हवं तिथं 'काहीच नाही' (नल) मिळालं आणि प्रोग्रॅम पडला. ज्या ओळीवर पडलं ती बघून टीममधली नवी मुलगी म्हणाली, "सर, इथं तर कुठलीच मेथड बोलावलेली नाही. नुसती असाइनमेंट आहे." खरं आहे. डावीकडे साधा इंट (नुसता आकडा), उजवीकडे मॅपमधून (नाव दिलं की किंमत देणाऱ्या तक्त्यातून) आलेला इंटिजर (वस्तूत गुंडाळलेला आकडा). मधे जावा स्वतःहून 'इंटव्हॅल्यू' बोलावते, ते कोडमध्ये लिहिलेलं दिसत नाही. मॅपनं नल दिला की तिथंच फुटतं.

जावा ८ वर असतो तर हातात फक्त ओळीचा क्रमांक आला असता. १७ वर सरळ लिहून येतं की इंटव्हॅल्यू चालवता आली नाही, कारण मॅपच्या गेटचं उत्तर नल होतं. हे सविस्तर संदेश जावा १४ मध्ये आले आणि १५ पासून न सांगता चालू असतात. मात्र आधीच्या कंत्राटदाराकडून मिळालेल्या जारमध्ये (कंपाइल केलेल्या कोडच्या गठ्ठ्यात) व्हेरिएबलच्या नावाऐवजी 'लोकल४', 'लोकल७' असं दिसतंय, कारण ते डीबग माहितीशिवाय कंपाइल केलेलं आहे. सोर्स आपल्याकडे आहे, तेव्हा 'जी' पर्याय लावून पुन्हा बिल्ड केलं. पुढच्या सगळ्या शोधाशोधीत याचा उपयोग होणार.

१० जून

कालचा नल सापडला. कॉलमांच्या नावांचा मॅप आहे: नाव दिलं की कितवा कॉलम ते सांगतो. 'केंद्र' विचारलं तर नल. आणि फायलीतला पहिलाच कॉलम 'केंद्र' आहे, डोळ्यांना दिसतोय.

दोन्ही शब्दांची लांबी छापली. कोडमधला ६, फायलीतला ७. एक्सेलनं 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून साठवताना फायलीच्या अगदी सुरुवातीला यू+एफईएफएफ हे चिन्ह ठेवलंय. ते कागदावर दिसत नाही, पडद्यावर दिसत नाही, आणि जावा ते आपणहून काढत नाही. ते चिकटलं पहिल्या कॉलमच्या नावाला. जुन्या प्रणालीत कॉलम क्रमांकाने वाचले जायचे, नावाने नाही. म्हणून तिथं हे कधी वर आलं नाही.

या कामापुरतं एक धोरण आत्ताच लिहून ठेवतो: एक्सेप्शन जिथं पडलं त्या ओळीवर 'नल नसेल तर' असं टाकून पुढं जायचं नाही. तो नल कोणत्या शोधातून आला, आणि शोधायला कुठली अक्षरं नेली होती, ते आधी छापायचं. अक्षरं म्हणजे दिसणारी नव्हेत, कोडपॉइंट, म्हणजे प्रत्येक चिन्हाचा युनिकोडमधला क्रमांक.

१२ जून

गाईचं सगळं दूध म्हशीच्या दराने लागलं. हिशेब विभागातले अण्णा खूष. म्हणाले, "असंच ठेवा की, सभासद तुमचा सत्कार करतील."

कंत्राटदाराच्या कोडमध्ये असं आहे: जर दूधप्रकार == "गाय" तर गाईचा दर, नाहीतर म्हशीचा. जावामध्ये == हे अक्षरं तपासत नाही. दोन्ही बाजूंना तीच वस्तू आहे का, एवढंच तपासतं. कोडमध्ये अवतरणात लिहिलेल्या सारख्या स्ट्रिंगा जावा एकाच साठ्यात एकदाच ठेवते, त्यामुळे "गाय" == "गाय" खरं येतं. जुन्या प्रणालीत प्रकार कोडमधल्याच स्ट्रिंगमधून पुढं सरकत होता, म्हणून तुलना चालून गेली. आता तो डेटाबेसमधून येतो. अक्षरं तीच, वस्तू वेगळी, उत्तर खोटं.

युनिट टेस्ट मात्र सगळ्या हिरव्या. साहजिक आहे. टेस्टमध्येही "गाय" अवतरणातच लिहिलंय, म्हणजे तोच साठा, तीच वस्तू. अशी टेस्ट या चुकीला कधीच पकडणार नाही. टेस्टमधली इनपुट आता बाइटमधून वाचून बनवायची, म्हणजे वस्तू नवी होते.

== च्या जागी अक्षरं तपासणारं इक्वल्स घालणं सोपं होतं. प्रश्न आला तो बाजू कुठली. दूधप्रकार.इक्वल्स("गाय") लिहिलं तर दूधप्रकार नल असताना फुटतं. "गाय".इक्वल्स(दूधप्रकार) लिहिलं तर फुटत नाही, मुकाट्यानं खोटं येतं. बहुतेक जण दुसरी पद्धत सुरक्षित म्हणून शिकवतात. इथं ती महागात पडेल: प्रकार कोराच असला तर खोटं, म्हणजे 'नाहीतर', म्हणजे म्हशीचा दर. माझं मत स्पष्ट आहे. चुकीचं बिल निघण्यापेक्षा प्रोग्रॅम पडलेला बरा. जावा ७ पासून असलेलं ऑब्जेक्ट्स.इक्वल्स दोन्ही बाजूंचे नल सांभाळतं, पण 'नाहीतर' म्हणजे म्हैस हा मूळ घोटाळा तेही सोडवत नाही.

केलं ते असं: फाईल वाचतानाच प्रकाराचं एनम (ठरलेल्या मोजक्याच किमतींचा टाइप) करायचं, गाय किंवा म्हैस. दोन्हींपैकी काहीच नसेल तर ती ओळ बाजूला. आतल्या कोडमध्ये स्ट्रिंगची तुलना राहतच नाही. एनमला == चालतं, तिथं वस्तू खरोखर एकच असते.

१६ जून

छोट्या केंद्रांची बिलं जुळली. मोठ्या केंद्रांत प्रकार विचित्र: काही उत्पादकांना दहा दिवसांचं एक बिल, तर काहींना सकाळच्या दुधाचं वेगळं, संध्याकाळच्या दुधाचं वेगळं, रोजचं वेगळं. कागदाचा ढीग.

कुठल्या उत्पादकांना तुकड्यांत बिल आलं, ती यादी उत्पादक क्रमांकाने लावली आणि उत्तर समोर आलं. १२७ पर्यंत सगळे ठीक. १२८ पासून सगळे बिघडलेले.

ओळी क्रमांकाने लावून पुढं जाताना 'आधीचा क्रमांक != हा क्रमांक' झालं की नवं बिल सुरू, असं लूप आहे. दोन्ही इंटिजर, इंट नव्हेत. उणे १२८ ते १२७ या टप्प्यातले इंटिजर जावा आधीच करून ठेवते आणि तेच पुन्हा पुन्हा देते, त्यामुळे तिथं वस्तूंची तुलना आणि आकड्यांची तुलना एकच उत्तर देते. १२८ आला की दर वेळी नवी वस्तू, म्हणजे दर ओळीला 'क्रमांक बदलला'.

मग जुन्या सर्व्हरवर हे वर्षानुवर्षं कसं चाललं? त्याच्या सुरू करायच्या स्क्रिप्टमध्ये 'ऑटोबॉक्सकॅशमॅक्स' हा पर्याय २०००० ला लावून ठेवलेला सापडला. कुणाला तरी हे दुखणं माहीत होतं, आणि त्यानं कोडला हात न लावता तयार इंटिजरांचा साठाच वाढवला. शेजारी कॉमेंट नाही. पुण्याहून आमचे वरिष्ठ फोनवर म्हणाले की तात्पुरता तोच पर्याय नव्या सर्व्हरवरही लावू. लावला नाही. लूपमध्ये दोन इंट केले, संपलं.

त्याच झाडणीत इतर ठिकाणचेही बॉक्स केलेल्या आकड्यांमधले == शोधले. लाँगमध्येही (मोठ्या पूर्णांकांच्या टाइपमध्ये) मर्यादा तीच.

१९ जून

ट्रिम आणि स्ट्रिप. वेबपेजवरून एक्सेलमध्ये चिकटवलेल्या नावांच्या शेवटी न तुटणारी जागा येते, यू+००ए०. ट्रिम फक्त यू+००२० आणि त्याखालचं काढतं. जावा ११ मधलं स्ट्रिप जास्त प्रकारच्या जागा ओळखतं, पण नेमकी ही नाही, कारण कॅरेक्टरच्या व्याख्येत न तुटणारी जागा मोकळी जागा धरलेली नाही. हाताने काढली. पुढं.

२३ जून

गगनबावड्याकडे पावसाचा जोर, तिकडच्या केंद्रांच्या फायली आल्या नाहीत. कऱ्हाड तालुक्यातल्या आल्या आणि त्यांतल्या काहींना तालुकाच सापडेना. तालुक्याच्या मॅपमधून नल, मग त्या तालुक्याचा वाहतूक दर विचारताना एक्सेप्शन.

मास्टरमध्ये, म्हणजे आमच्या मूळ यादीत, कऱ्हाड आहे. फायलीतही कऱ्हाड आहे. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले, फॉन्ट मोठा करून पाहिले, फरक नाही. मग कोडपॉइंट छापले.

मास्टरमधला: क, ऱ, हलन्त, ह, काना, ड. सहा. इथला ऱ हे यू+०९३१ हे स्वतंत्र अक्षर.

एका केंद्राचा: क, र, हलन्त, यू+२००डी, ह, काना, ड. सात. साधाच र, आणि हलन्तापुढे न दिसणारं जोडचिन्ह, झेडडब्ल्यूजे.

दुसऱ्या एका केंद्राचा: क, र, नुक्ता (अक्षराखालचा ठिपका), हलन्त, ह, काना, ड. हेही सात, पण वेगळे सात.

तिन्ही पडद्यावर एकसारखेच उमटतात. कुठला कीबोर्ड, कुठला फॉन्ट-कन्व्हर्टर यावर ठरतं काय साठणार. टाइप करणाऱ्याला यात काही कळायचं कारण नाही. त्यानं कऱ्हाड लिहिलं, त्याला कऱ्हाड दिसलं.

पहिला उपाय युनिकोडचं सामान्यीकरण, म्हणजे युनिकोड एकच मानतं ती लेखनं एका रूपात आणणं. जावात नॉर्मलायझर आहे, पोस्टग्रेसमध्ये १३ पासून नॉर्मलाइझ हे फंक्शन आहे. त्यातला एनएफसी हा प्रकार लावला की र आणि नुक्ता एक होऊन ऱ होतो. हलन्त आधी आणि नुक्ता नंतर असं उलटं टाइप झालं असेल तरी चालतं, कारण सामान्यीकरण आधी चिन्हांचा क्रम लावून घेतं आणि त्या क्रमात नुक्ता हलन्ताच्या आधी येतो. म्हणजे तिसरा कऱ्हाड पहिल्याला मिळाला.

दुसरा मिळत नाही. झेडडब्ल्यूजेला एनएफसी हात लावत नाही. युनिकोडच्या लेखी ती दोन वेगळी लेखनंच आहेत.

नवी मुलगी म्हणाली, "मग सगळे झेडडब्ल्यूजे उडवून टाकू." करून दाखवायला सांगितलं. उडवल्यावर उरतं र, हलन्त, ह, आणि पडद्यावर रफार येतो. शिवाय ऱ शी जुळत नाही ते नाहीच. इतर भाषांमध्ये हे खपेल कदाचित, मराठीत दऱ्या आणि दर्या एक करून चालत नाही. हीच जोडी आता टेस्टमध्ये घातली: तुलनेसाठी जे रूप बनवू ते दोघांचं वेगळं यायलाच हवं.

२४ जून

कालचं पुढं. तुलनेसाठी वेगळी 'किल्ली' बनवायची ठरली. मूळ नाव जसं आलं तसंच साठवायचं आणि बिलावर तेच छापायचं. यावर अण्णा ठाम आहेत आणि ते बरोबर आहे, सभासदानं आपलं नाव जसं लिहून दिलं तसंच दिसलं पाहिजे. किल्ली फक्त शोधायला.

किल्लीचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी 'र, हलन्त, झेडडब्ल्यूजे' या तिघांचं 'ऱ, हलन्त' करायचं. मग उरलेले झेडडब्ल्यूजे आणि त्याचा भाऊ झेडडब्ल्यूएनजे काढायचे. मग एनएफसी. उलट क्रमाने केलं तर पहिली पायरी करायला काही उरतच नाही.

हे पोस्टग्रेसच्या कोलेशनवर (मजकुराच्या तुलनेच्या नियमांवर) सोपवता येईल का, तेही तपासलं. आयसीयू या युनिकोड लायब्ररीच्या कोलेशनला 'नॉन-डिटरमिनिस्टिक' करता येतं, १२ पासून. तिथं झेडडब्ल्यूजेला वजनच नसतं, म्हणजे नको तिथं बरोबरी: झेडडब्ल्यूजेवाल्या दऱ्या आणि दर्या एक. आणि हवी तिथं नाही: झेडडब्ल्यूजेवाला कऱ्हाड आणि ऱ-वाला कऱ्हाड वेगळे. वर अशा कॉलमवर १५ मध्ये लाइक (अर्धवट मजकुरावरून शोध) चालत नाही, आणि नाव शोधायच्या खिडकीत लाइक आहे. सोडून दिलं.

दुपारी कपातींच्या मॅपमध्ये तोच खेळ, 'ॲडव्हान्स' वर. पशुखाद्य, विमा, वर्गणी सगळ्या कपाती लागल्या. ॲडव्हान्स काही केंद्रांत लागला, काहींत नल. ॲ हे एकच अक्षर म्हणून युनिकोडमध्ये आलं ते २००८ साली, ५.१ आवृत्तीत. त्याआधीचे कीबोर्ड अ पुढे चंद्र लावायचे, काही मधे झेडडब्ल्यूजे घालायचे, काही हिंदीतलं ऍ वापरायचे. आणि अ अधिक चंद्र हे ॲ च्या बरोबरीचं आहे असं युनिकोड मानत नाही, त्यामुळे एनएफसी इथंही निरुपयोगी. किल्लीत हे सगळे प्रकार ॲ वर आणले.

जुन्या फॉन्टमधून कन्व्हर्टरने आणलेल्या सभासद-यादीत याहून विचित्र माल आहे: आ च्या जागी अ आणि काना, ओ च्या जागी अ आणि ओकाराचं चिन्ह. दिसायला चोख. तेही किल्लीत घेतले. ही यादी कुठं थांबेल सांगता येत नाही, म्हणून किल्लीचे नियम कोडमध्ये न पेरता एका तक्त्यात ठेवले.

आणि 'कराड'? ते किल्लीनं सुटायचं नाही. ते लेखन चूक नाही, दोन्ही चालतात. पर्यायी नावांचं वेगळं टेबल केलं: कराड, कऱ्हाड, दोन्ही एका तालुका-कोडवर. त्याची मालकी अण्णांकडे. कुठलं नाव कुठल्या गावाचं, हे प्रोग्रॅमरनं ठरवू नये.

२७ जून

कागल तालुक्यात कसबा सांगाव आणि मौजे सांगाव अशी दोन गावं आहेत. कोल्हापूर भागात कसब्याला क आणि पुढे दोन दंड लिहायची रीत, क॥ सांगाव. टाइप करणाऱ्यांपैकी कुणी ॥ हे एक अक्षर वापरतं, कुणी । दोनदा, कुणी कीबोर्डवरचा इंग्रजी उभा दांडा दोनदा.

या तालुक्यातल्या काही फायलींत कॉलम वेगळे करायला तोच उभा दांडा आहे. झालं. क, मग रिकामा कॉलम, मग सांगाव. पुढचं सगळं दोन घरं सरकलं आणि फॅटच्या जागी लिटर आले.

त्यात जावाच्या स्प्लिटची स्वतःची भर. त्याला दिलेली स्ट्रिंग रेगेक्स (शोधायचा नमुना) म्हणून वाचली जाते, आणि रेगेक्समध्ये उभा दांडा म्हणजे 'किंवा'. नुसता दांडा दिला तर ते प्रत्येक अक्षर सुटं करतं. हे कंत्राटदाराला माहीत होतं, त्यानं पॅटर्न.कोट लावलेलं आहे. पण शेवटचे रिकामे कॉलम स्प्लिट गाळतं, ते राहिलं होतं. शेरा आणि उपकोड रिकामे असले की ॲरे आखूड. मर्यादा उणे १ दिली की गाळत नाही.

फायली हाताने फोडायचं बंद केलं, सीएसव्हीची तयार लायब्ररी घेतली. 'क' आणि दंडांचे सगळे प्रकार पर्यायी नावांच्या टेबलात 'कसबा' वर. कुठलं सांगाव ते नुसत्या 'सांगाव' वरून ठरवायचं नाही. तशी ओळ अडवायची, सचिवांना विचारायचं.

१ जुलै

गडहिंग्लजच्या एका केंद्राच्या सचिवांचा फोन. "आमची काही माणसं तुम्ही नूलची दाखवलीत. ती नूलची नाहीत."

नूल हे त्याच तालुक्यातलं गाव. यादीत बघितलं तर त्या सभासदांचं गाव वेगळंच, बरोबर भरलेलं. बिल मागवून घेतलं. पत्त्याच्या ओळीत इंग्रजी अक्षरांत 'नल' छापलेलं. माणसानं ते वाचलं ते वाचलं, आणि तालुका बघून अर्थही लावला. हसू आलं, पण वाचणाऱ्याचं काही चुकलेलं नाही.

पत्ता एसक्यूएलमध्येच जोडला जातो: वाडी, मग गाव. ज्यांची वाडी भरलेली नाही त्यांचं हे झालंय. ओरॅकलमध्ये रिकामी स्ट्रिंग आणि नल यांत भेद नाही, आणि जोडणीच्या चिन्हाला नल दिला तर ते त्याला रिकामं धरतं, म्हणून जुन्या बिलांवर नुसतं गाव यायचं. पोस्टग्रेसमध्ये जोडणीत एक जरी नल असला तरी सगळं उत्तर नल. मग जावानं त्या नलपुढे तालुका जोडला. जावाचा कायदा पुन्हा वेगळा: स्ट्रिंगला नल जोडला की त्याची चार इंग्रजी अक्षरं होतात, एक्सेप्शन पडत नाही. तीन ठिकाणी नलचे तीन अर्थ, आणि एकही लॉगमध्ये आलं नाही.

कॉनकॅट-डब्ल्यूएस वापरलं, ते नल वगळून जोडतं. शिवाय सभासदांच्या सगळ्या मजकुराच्या कॉलमांत ही चार अक्षरं कुठं साठून बसलीत का, ते शोधलं. बसली होती, जुन्या आयातीत कुणीतरी आधीच नलची स्ट्रिंग करून ठेवलेली. ती खरोखर नल केली, पण आधी नूलच्या सभासदांची गावं इंग्रजीत भरलेली नाहीत ना, ते अण्णांकडून तपासून घेतलं.

४ जुलै

दरतक्ता. गाईचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) धरून सांगतात, त्याच्या खाली-वर पायऱ्या. फाईलमधून फॅट ३.५ आली, तक्त्यात ३.५ आहे, मॅप म्हणतो नल.

इथं स्ट्रिंग नाही, बिगडेसिमल (जावातला दशांश आकडा) आहे, पण रोग तोच. बिगडेसिमलच्या इक्वल्सला ३.५ आणि ३.५० वेगळे वाटतात, कारण ते दशांशस्थळंही मोजतं, हॅशकोडही वेगळा. कंपेअरटू मात्र दोन्ही सारखे म्हणतं. ओरॅकलचा नंबर शेवटचं शून्य ठेवतच नाही, तिथून ३.५ यायचं. पोस्टग्रेसमध्ये कॉलम दोन दशांशस्थळांचा आहे, तिथून ३.५० येतं. हॅशमॅपमध्ये किल्ली चुकली.

ट्रीमॅप कंपेअरटू वापरतो, त्यानं भागलं असतं. पण पुढचा माणूस सहज ते हॅशमॅप करेल. फॅट दहापट करून इंट केली, ३५. यंत्रावर फॅट एका दशांशापर्यंतच येते, तेव्हा काही हरवत नाही.

याच भागात एका रिपोर्टमध्ये फॅटची क्रमवारी स्ट्रिंग म्हणून लागत होती. म्हशीची १०.० फॅट ६.५ च्या आधी. तीही इंटनं सुटली.

८ जुलै

अण्णांना या खंडात दूध न घातलेल्या सभासदांची यादी हवी होती. निघाली कोरी. अण्णा म्हणाले, "असं कधी होतंय व्हय? निम्मी जनावरं आटलेली असतात."

क्वेरीत 'नॉट इन' आहे. आतल्या यादीत एक जरी नल असला तर नॉट इन कुणालाच खरं म्हणत नाही. नलशी केलेल्या तुलनेचं उत्तर खरं किंवा खोटं नसून 'अज्ञात' असतं, आणि अज्ञात असलेली ओळ गाळली जाते. संकलनात उत्पादक क्रमांक नसलेल्या ओळी आहेतच. 'नॉट एक्झिस्ट्स' केलं, यादी आली.

तशाच कारणाने उपकोड नसलेले काही उत्पादक दोनदा भरले गेले. युनिक निर्बंध दोन नलांना वेगळे मानतो. पोस्टग्रेस १५ मध्ये 'नल्स नॉट डिस्टिंक्ट' लिहिता येतं. लिहिलं.

११ जुलै

पुण्याच्या वरिष्ठांबरोबर व्हिडिओवर बैठक. त्यांचा आग्रह: सगळ्या सर्व्हिसमध्ये नलच्या तपासण्या टाका, परत येणारं सगळं ऑप्शनल ('असेल किंवा नसेल' सांगणारं वेष्टण) करा, म्हणजे असले फोन बंद होतील.

पटलं नाही आणि तसं सांगितलं. 'नल असेल तर पुढची ओळ घ्या' असं लिहिलं की प्रोग्रॅम पडणार नाही हे खरं, पण त्या ओळीत कुणाचं तरी सकाळचं दूध असतं. लॉग स्वच्छ, बिल कमी. आत्तापर्यंत सापडलेल्या बहुतेक नलांच्या मागे न जुळलेली अक्षरं किंवा न जुळलेला आकडा निघाला. नल झाकला असता तर कऱ्हाडचे तीन प्रकार आम्हाला दिसलेच नसते. ऑप्शनल, जावा ८ पासूनचं, परतीच्या उत्तराला ठीक आहे. ते 'सापडलं नाही' एवढं सांगतं, का सापडलं नाही ते नाही.

त्यांनी संगणकशास्त्रज्ञ टोनी होअरचा दाखला दिला. १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेसाठी होअर यांनी नल संदर्भ आणला, आणि २००९ मध्ये लंडनच्या एका परिषदेत त्याला स्वतःची अब्ज डॉलरची चूक म्हटलं. बरोबर, पण त्यांनी कारणही सांगितलं होतं: अंमलात आणायला फार सोपं होतं म्हणून मोह आवरला नाही. जागोजागी तपासणी टाकणंही तितकंच सोपं आहे.

ठरलं ते असं. वेशीवर सगळी कडक तपासणी: फाईल वाचतानाच किल्ली काढायची, मास्टरशी जुळवायचं, एनम आणि इंट करायचे. जे जुळत नाही ती ओळ 'अडलेल्या ओळी' या टेबलात जाईल, मूळ मजकूर आणि कोडपॉइंटसकट. एकही ओळ अडलेली असेल तर त्या केंद्राचं बिल निघणार नाही. वेशीच्या आत नल येणं म्हणजे आमची चूक, तिथं 'रिक्वायर नॉननल' लावून लगेच पडू द्यायचं, संदेशात केंद्र आणि ओळ क्रमांक घालून.

मास्टरचे मॅप 'मॅप.कॉपीऑफ' ने गोठवले. त्याचा एक फायदा फारसा कुणी सांगत नाही: हॅशमॅपला नल किल्ली विचारली तर तो शांतपणे नल देतो, हा मॅप तिथंच एक्सेप्शन टाकतो. इथं मला तेच हवंय.

केंद्रावरचं नवं ॲप कोटलिन या भाषेत करायचं बोलणं चाललंय. तिथं नल चालणार की नाही हे टाइपमध्येच लिहावं लागतं, ते चांगलंच. पण जावाच्या लायब्ररीतून आलेल्या वस्तूंवर ती खूण नसेल तर कंपायलर गप्प बसतो, आणि आमची वजनकाट्याची लायब्ररी जावातली आहे.

२१ जुलै

११ ते २० चा खंड दोन्ही सर्व्हरवर चालवला. अडलेल्या ओळी सकाळी अण्णांनी बसून सोडवल्या, बहुतेक पर्यायी नावांच्या टेबलात एकेक नोंद घालून. त्यानंतर नव्या बाजूची बिलं निघाली. रकमेत फरक उरला तो एकाच केंद्रात, आणि तिथं नवं बरोबर आहे: त्या गावच्या दोन सभासदांची नावं सारखी आहेत आणि जुनी प्रणाली कपात नावावरून लावत होती. एकाची पशुखाद्याची उधारी दुसऱ्याकडून जात होती. ते किती काळ चाललंय ते हिशेब विभाग काढतोय.

अण्णा आता कोडपॉइंट वाचायला शिकलेत. परवा एका सचिवाला फोनवर सांगत होते, "तुमच्या नावात एक न दिसणारं अक्षर हाय. न्हाई, तुम्हाला दिसायचं न्हाई. मला दिसतंय."

राहिलेलं:

कपात नावावरून लावायचं सगळीकडून काढणं, फक्त उत्पादक क्रमांक ठेवणं.

देवनागरी अंकांत भरलेले उत्पादक क्रमांक. इंटिजर.पार्सइंट ते बरोबर वाचतं, त्यामुळे वेशीवर अडत नाहीत. पण बँकेला जाणाऱ्या फायलीत मूळ मजकूर जातो आणि बँकेची प्रणाली तो नाकारते. बँकेच्या फायलीत वाचलेला इंट छापायचा.

२१ ते ३१ चा खंड पुन्हा दोन्हीकडे. अडलेल्या ओळींची यादी सकाळी आठच्या आत मिळावी असं अण्णांचं म्हणणं, कारण त्यानंतर सचिव फोन उचलत नाहीत.